टर्बो मोटारीचा प्लग : त्याचें कार्य व त्याची निवड

मोटारीच्या एंजिनांतील अतिशय लहान पण अतिशय कष्टाळू असा जर कोणता भाग असेल, तर तो स्पार्क प्लग होय. हाताच्या बोटाएवढी ही वस्तु. वरच्या टोंकाला वीज जोडण्याची जागा, मध्यें चिनी मातीसारखें पांढरेंशुभ्र अंग, खालीं पोलादी आटे, आणि अगदीं शेवटीं धातूच्या दोन टोंकांमधील एक बारीकशी फट. एवढाच काय तो तिचा संसार. परंतु या फटींत वेळेवर ठिणगी पडली नाहीं, तर लाखों रुपयांची मोटार रस्त्याच्या कडेला मुकाट्यानें उभी राहते. आणि ठिणगी पडण्यापूर्वींच त्या टोंकाशीं भलती उष्णता सांचली, तर एंजिन आंतल्या आंत भाजून निघतें. वस्तु कांहीं शें रुपयांची, नुकसान मात्र लाखाच्या घरांत, असा हा विषय असल्यामुळें विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि तो नीट समजून घेणें इष्ट आहे.

वेगवान मोटारींचें वेड मुलांना किती असतें हें त्यांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवरून कोणालाहि कळेल. शाळा सोडल्यावर कांहीं मुलें बीड, माजलगांव, अंबाजोगाई येथील गॅरेजांत कामाला लागतात. कांहीं छत्रपति संभाजीनगर, चाकण, रांजणगांव येथील कारखान्यांत जातात. शिवाय टर्बो लावलेलें पेट्रोल-एंजिन ही आतां केवळ शर्यतींतील श्रीमंती चैन राहिलेली नाहीं. चाकण येथें तयार झालेल्या पोलो गाडींत तें २०१३ सालीं आलें, रांजणगांवच्या नेक्सॉनमध्यें २०१७ सालीं आलें, आणि आतां तें साध्या कुटुंबाच्या दारांतहि उभें आहे. अशा घरीं एक प्रश्न हटकून निघतो, तो हा कीं, 'प्लग कोणता चांगला?' दुकानदार म्हणतो, महाग तो चांगला. मित्र म्हणतो, शर्यतीचा तो चांगला. कोणी म्हणतो, परदेशी तो चांगला. या लेखाचें सांगणें इतकेंच आहे कीं, चांगला प्लग असा स्वतंत्रपणें कोणताच नसतो. त्या त्या एंजिनाच्या दाबाशीं व उष्णतेशीं जुळणारा प्लग तेवढा असतो. हें कां, तें आतां क्रमानें पाहूं.

पेट्रोल-एंजिनाच्या नळकांड्यांत, म्हणजे सिलिंडरमध्यें, एक दट्ट्या वरखालीं होत असतो. मिस्त्री लोक त्यालाच पिस्टन म्हणतात. तो खालीं येतांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. तो वर जातांना तें मिश्रण दाबलें जातें. तो अगदीं वर पोंचण्याच्या सुमारास प्लग ठिणगी पाडतो, मिश्रण पेटतें, आणि तापून फुगलेल्या वायूच्या रेट्यानें दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. पुन्हां वर येतांना तो जळलेला वायु बाहेर लोटतो. या चार हालचालींत एंजिनाच्या दांड्याचे दोन फेरे होतात व एक ठिणगी पडते. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटांत १,५००, म्हणजे सेकंदांत २५ ठिणग्या पाडाव्या लागतात. ६,००० फेऱ्यांवर हाच आंकडा सेकंदाला ५० होतो. आपण डोळ्याची पापणी मिटून उघडतों, तेवढ्यांत प्लगनें कित्येक वेळां आपलें काम उरकलेलें असतें.

ही कल्पना कांहीं कालची नव्हे. लेनवार नांवाच्या बेल्जियन-फ्रेंच कारागिरानें इ. स. १८६० सालीं आपल्या वायूवर चालणाऱ्या एंजिनांत विजेच्या ठिणगीचा उपयोग केला होता. पुढें इ. स. १९०२ सालीं रॉबर्ट बॉश यांच्या जर्मन कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यांनीं अति उच्च विद्युत्-दाब उत्पन्न करणारा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग तयार केला, आणि मोटारीच्या ठिणगीला खरा भरंवसा आला. आपल्या देशांत बंगळूर येथें १९५१ सालीं मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तिच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'मायको' हा शब्द रूढ झाला, व मायकोचा प्लग गांवोगांवच्या गॅरेजांत परिचयाचा झाला. २००८ सालीं त्या कंपनीचें नांव बॉश लिमिटेड झालें. तरी जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडीं अजून मायको हाच शब्द ऐकूं येतो.

आतां टर्बो म्हणजे काय तें पाहूं. साधें एंजिन दट्ट्याच्या ओढीनें जेवढी हवा आंत येईल तेवढ्यावरच समाधान मानतें. हवा जितकी जास्त, तितकें पेट्रोल जास्त जाळतां येतें व तितकें बळ जास्त मिळतें. एंजिनाच्या बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूंत पुष्कळ शक्ति फुकट जात असते. त्या वायूच्या वाटेंत एक लहानसें पंख्याचें चाक बसवून, त्याच दांड्यावर दुसरें चाक बसविलें, कीं पहिलें चाक धुराच्या जोरानें फिरतें व दुसरें चाक बाहेरची हवा दाबून एंजिनांत कोंबतें. या जोडचाकाला टर्बोचार्जर म्हणतात. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूकी यांनीं १९०५ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. विरळ हवेंत विमानाचें एंजिन निर्बळ होतें, त्यावर हा उपाय लागू पडतो कीं काय, हें पाहण्यासाठीं १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनियरानें एक एंजिन १४,००० फुटांहून उंच अशा पाइक्स पीक नामक पर्वतशिखरावर नेऊन चालविलें. टर्बोच्या साह्यानें तें तेथेंहि पायथ्याच्या तोलानें बळ देऊं लागलें. विकावयाच्या मोटारींत टर्बो प्रथम १९६२ सालीं अमेरिकेंत आला. जर्मनींतील पोर्श कंपनीनें आपली टर्बो ९११ गाडी १९७४ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडली, आणि तेव्हांपासून 'टर्बो' हा शब्द वेगाचा जणुं प्रतिशब्द होऊन बसला.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या जिल्ह्यांत टर्बो हा शब्द बहुतेकांना जीप, मालमोटारी व ट्रॅक्टर यांच्यामुळें ठाऊक आहे. हीं एंजिनें डिझेलचीं. डिझेल-एंजिनांत नुसती हवा इतकी दाबली जाते कीं, ती त्या दाबानेंच तापते, व तींत डिझेलचा फवारा पडतांच तो आपोआप पेटतो. त्यांना स्पार्क प्लग नसतोच. थंडींत सुरू होण्यासाठीं जो 'हीटर प्लग' असतो, तो नुसता तापतो. ठिणगी पाडीत नाहीं. म्हणून डिझेल टर्बोवर आयुष्य काढलेल्या अनुभवी मिस्त्र्याचा सल्लाहि पेट्रोल टर्बोच्या प्लगविषयीं जसाच्या तसा चालेल असें नाहीं. येथें गणित वेगळें आहे.

तें गणित असें. टर्बोमुळें नळकांड्यांतील दाब वाढतो व उष्णता वाढते. प्लगची निवड करतांना विचारावयाचे बहुतेक सर्व प्रश्न या दोन गोष्टींतूनच निघतात.

प्रथम दाब. ठिणगी म्हणजे फटींतील वायूमधून विजेनें मारलेली उडी होय. इ. स. १८८९ सालीं फ्रीड्रिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानें असा नियम शोधून काढला कीं, ही उडी मारण्यास लागणारा विद्युत्-दाब हा वायूचा दाब व फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. एंजिनांतील परिस्थितींत त्याचा अर्थ सोपा आहे : वायु दाट झाला, तर तेवढीच फट ओलांडण्यास अधिक विद्युत्-दाब लागतो. आठवड्याच्या बाजारांत सकाळीं मनुष्य सहज या टोंकाकडून त्या टोंकाला जातो. भर दुपारच्या गर्दींत तेवढेंच अंतर तोडण्यास त्याला केवढा रेटा द्यावा लागतो! रेटा वाढवितां येत नसेल, तर एकच उपाय उरतो. अंतर कमी करावें. ठिणगीचेंहि तसेंच आहे. ती उत्पन्न करणारी कॉइल हजारों व्होल्टचा दाब देते खरी, पण तिलाहि मर्यादा आहे. म्हणून साध्या एंजिनांत जी फट बहुधा १ मिलिमीटर किंवा किंचित् अधिक असते, ती टर्बो एंजिनांत बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात.

फट गरजेहून मोठी राहिली तर काय होतें? गाडी सपाट रस्त्यावर, हलक्या पायानें, अगदीं सुरळीत चालते. परंतु मांजरसुंब्याच्या घाटांत चढ लागला, चालकानें पाय दाबला, टर्बोनें हवा कोंबली, कीं ठिणगी विझते. गाडी झटके देते. मिस्त्री म्हणतो, 'मिसिंग करतेय.' न जळलेलें पेट्रोल तसेंच धुराच्या नळींत जाऊन तेथील धूर शुद्ध करणारें महागडें उपकरण बिघडवितें, आणि कॉइलवर नाहक ताण पडतो. उलट फट फारच लहान केली, तर ठिणगी खुजी होते. मिश्रणाला तिची ऊब पुरेशी लागत नाहीं, व एंजिन मंद चालींत थरथरतें. म्हणून फट लहान हवी, पण गरजेपुरतीच लहान.

दुसरी गोष्ट उष्णता. पेटलेल्या मिश्रणाची उष्णता क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते. प्लगचें टोंक त्या आगींतच बसलेलें असतें. तें निदान ४५० अंशांच्या आसपास तापलेलें असावें लागतें, म्हणजे त्यावर बसणारी काजळी जळून जाते व प्लग स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवतो. त्याहून तें थंड राहिलें, तर काजळीचा थर सांचतो, वीज फटींतून उडी मारण्याऐवजीं काजळीवरून वाहून जाते, व ठिणगी पडत नाहीं. परंतु तेंच टोंक ८५० अंशांच्या फार वर गेलें, तर तें निखाऱ्यासारखें लाल होतें व ठिणगीची वाट न पाहतां मिश्रणाला आग लावतें. दट्ट्या अजून वर येत आहे, आणि वरून स्फोटाचा रेटा त्याला खालीं ढकलीत आहे, अशी विपरीत झुंज सुरू होते. दट्ट्या असतो अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. आणि शुद्ध अल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें. अशी झुंज थोडा वेळ चालली, तरी दट्ट्याला भोंक पडूं शकतें. टर्बो एंजिनांत मुळांतच दाब व उष्णता जास्त असल्यामुळें हा धोका अधिक असतो.

टोंकाची उष्णता योग्य पातळींत राखण्यासाठीं प्लगच्या आंत एक साधी युक्ति केलेली असते. टोंकाभोंवतालच्या पांढऱ्या निरोधकाचें नाक लांब असेल, तर उष्णतेला पोलादी अंगापर्यंत व तेथून एंजिनाच्या थंड भागापर्यंत पोंचण्यास लांबची वाट चालावी लागते. टोंक गरम राहतें. नाक आंखूड असेल, तर वाट आंखूड. उष्णता चट्‌दिशीं निघून जाते व टोंक थंड राहतें. स्वयंपाकघरांत लोखंडी उलथण्याची दांडी लांब असली तर हाताला चटका उशिरां बसतो, व आंखूड असली तर लवकर बसतो, हें मुलींना व त्यांच्या मातांना सांगावयास नको. लांब नाकाच्या प्लगला 'हॉट' किंवा गरम प्लग, व आंखूड नाकाच्या प्लगला 'कोल्ड' किंवा थंड प्लग म्हणतात. येथें गरम व थंड हे शब्द ठिणगीला उद्देशून नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. गरम प्लगची ठिणगी जोरदार असते असें नव्हे. त्याचें टोंक उष्णता धरून ठेवतें, एवढाच त्याचा अर्थ.

टर्बो एंजिनाला सामान्यतः थंड बाजूचा प्लग लागतो. पण 'जितका थंड तितका उत्तम' असें मात्र म्हणतां येणार नाहीं. जी मोटार रोज घरापासून बाजारापर्यंत व बाजारापासून घरापर्यंत दोन-दोन किलोमीटर जाते, तिचें एंजिन पुरतें तापतहि नाहीं. तींत शर्यतीचा अति थंड प्लग घातला, तर पंधरा दिवसांत तो काजळीनें काळाकुट्ट होईल. थंड प्लगानें बळ वाढत नाहीं. वाढलेल्या बळाची उष्णता तो सहन करतो, इतकेंच.

आणखी एक खांच येथें सांगितली पाहिजे, कारण तिनें जाणते लोकहि फसतात. प्लगच्या अंगावर जो आंकडा असतो, त्यावरून तो गरम कीं थंड हें कळतें. परंतु सर्व कंपन्यांची रीत एक नाहीं. जपानमधील एन.जी.के. व डेन्सो या कंपन्यांच्या प्लगवर आंकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉश व चॅम्पियन यांच्या प्लगवर उलट. आंकडा मोठा, तर प्लग गरम. शिवाय एन.जी.के.चा ६ हा डेन्सोच्या २० च्या जवळपास येतो. तेव्हां एका कंपनीचा आंकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेणें म्हणजे शेराच्या मापानें किलोचा हिशेब करण्यासारखें आहे. कंपनी बदलावयाची असेल, तर तिच्या स्वतःच्या तक्त्यांत आपल्या गाडीचें नांव शोधूनच बदलावी.

तिसरा प्रश्न धातूचा. टोंक निकेलच्या मिश्रधातूचें, प्लॅटिनमचें किंवा इरिडियमचें असतें. निकेल १,४५५ अंशांवर वितळतें, प्लॅटिनम १,७६८ अंशांवर, आणि इरिडियम सुमारें २,४४६ अंशांवर. इरिडियम इतकें कणखर आहे कीं, त्याचें टोंक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक केलें तरी तें टिकतें. आणि टोंक बारीक असलें कीं ठिणगी कमी विद्युत्-दाबांत उडते. दाटलेल्या हवेंत ठिणगी पाडावयाच्या टर्बो एंजिनाला हा मोठाच फायदा. निकेलचा प्लग स्वस्त असतो, उष्णताहि चांगली वाहून नेतो, पण लवकर झिजतो. झिजला कीं फट रुंदावते, आणि टर्बोला रुंद फट चालत नाहीं हें आपण पाहिलेंच. म्हणून निकेलचा प्लग टर्बो गाडींत वापरतां येत नाहीं असें नाहीं. मात्र तो वारंवार तपासावा व वेळेवर बदलावा लागतो. महाग धातूची किंमत आपण मुख्यतः टिकाऊपणासाठीं देतों. इरिडियमचा प्लग घातला म्हणजे गाडी एकाएकीं वाऱ्यासारखी धांवूं लागेल, ही समजूत चुकीची आहे.

हें सारें एका खऱ्या गाडीच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. बीडपासून सुमारें सवाशें किलोमीटरवर, छत्रपति संभाजीनगरजवळ (त्या वेळच्या औरंगाबादजवळ) शेंद्रा येथें स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ सालीं सुरू झाला. ऑक्टेव्हिया आर.एस. नांवाची तिची मोटार २००४ सालीं भारतांत विक्रीस आली. १.८ लिटरचें, चार नळकांड्यांचें व वीस झडपांचें तिचें पेट्रोल-एंजिन टर्बोच्या जोरावर सुमारें १५० अश्वशक्ति देत असे. कारखान्यांतूनच टर्बो घेऊन आलेल्या, आपल्या देशांतील अगदीं पहिल्या पेट्रोल मोटारींत तिची गणना होते. मराठवाड्याच्या मातींत ही गाडी जुळविली गेली, याचें आपणांस कौतुक असावें.

या घराण्याच्या १.८ लिटर टर्बो एंजिनांत एन.जी.के.चा 'पी.एफ.आर. ६ क्यू' हा प्लॅटिनमचा प्लग प्रचलित आहे, आणि साध्या निकेलच्या प्लगांत 'बी.के.आर. ६ ई' हा पुष्कळजण वापरतात. या दुसऱ्या नांवाचा उलगडा करून पाहूं. 'बी' व 'के' या अक्षरांवरून आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर व पान्याचें माप १६ मिलिमीटर हें कळतें. 'आर' म्हणजे आंत रोधक आहे, ज्यामुळें ठिणगीच्या लहरी गाडींतील रेडिओ व गणकयंत्र यांना उपद्रव देत नाहींत. '६' हा उष्णतेचा आंकडा. आणि 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. एवढ्याशा नांवांत केवढी माहिती भरलेली आहे पाहा! यांतील एकहि अक्षर उगीच नाहीं. आट्यांची लांबी जास्त झाली, तर टोंक दट्ट्याला धडकूं शकतें. कमी झाली, तर ठिणगी मिश्रणापासून दूर खांचेंत पडते व उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरते.

आतां समजा, अंबाजोगाईच्या कोणा हौशी तरुणानें ही जुनी गाडी विकत घेतली. ती मूळ स्थितींत असेल, तर त्यानें ६ आंकड्याचाच प्लग घालावा. यापलीकडे विचार करण्याचें त्याला कारण नाहीं. परंतु समजा, एंजिनावर हुकमत चालविणाऱ्या गणकयंत्रांत फेरफार करवून त्यानें टर्बोचा दाब वाढविला. आतां तेंच एंजिन पूर्वीपेक्षां जास्त हवा घेतें, जास्त पेट्रोल जाळतें, जास्त तापतें. कालपर्यंत जुळणारा प्लग आज जुळेनासा होतो. अशा गाड्यांचे जाणकार '७' आंकड्याचा, म्हणजे एक पायरी थंड असा 'बी.के.आर. ७ ई' प्लग घालतात व फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. प्लग तयार करणाऱ्यांचा ठोकताळा असा आहे कीं, मूळ बळांत ७५ ते १०० अश्वशक्तींची भर पडली, तर एक पायरी थंड प्लग घ्यावा. एका पायरीनें टोंकाची उष्णता सुमारें ७० ते १०० अंशांनीं उतरते. या तरुणानें गाडीचा दाब वाढविला पण प्लग जुनाच ठेवला, तर उन्हाळ्याच्या दिवसांत, भरल्या गाडीनिशीं घाट चढतांना, दट्ट्यावर काय प्रसंग ओढवेल हें वाचकांनींच ठरवावें. आणि त्यानें दाब न वाढवितां नुसता शर्यतीचा प्लग घातला, तर त्याच्या पदरीं काजळीशिवाय दुसरें कांहीं पडणार नाहीं.

निवड झाली तरी काम संपत नाहीं. प्लग विकत घेतांना व बसवितांना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट, गाडीबरोबर आलेलें पुस्तक उघडावें. त्यांत प्लगचें पूर्ण नांव, फट व बदलण्याचें अंतर दिलेलें असतें. ज्यांनीं एंजिन बनविलें त्यांनीं तें महिनोन्‌महिने चालवून हा प्लग ठरविलेला असतो; गाडींत कांहीं बदल केलेला नसेल, तर त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

दुसरी गोष्ट, नकली मालापासून सावध राहावें. नामांकित कंपन्यांच्या प्लगांची नक्कल बाजारांत येते. भरंवशाच्या दुकानांतून, पावती घेऊनच माल घ्यावा. अक्षरांची छपाई पुसट, आटे खरबरीत, मधलें टोंक तिरकें, किंवा वॉशर सैल होऊन गळून पडणारा असेल, तर तो प्लग परत करावा. नकली प्लगच्या अंगावर '७' लिहिलेला असला, तरी त्याचें नाक खरोखर सातचें असेल याची हमी कोण देणार?

तिसरी गोष्ट, फट मोजून पाहावी. डब्यांतून निघालेला प्लग बरोबरच असेल असें धरून चालूं नये. त्यासाठीं फिलर गेज वापरावें. प्लॅटिनम व इरिडियम यांचीं बारीक टोंकें ठिसूळ असतात. त्यांत पातें कोंबून फट रुंद करूं नये. वांकवावयाचें झाल्यास बाहेरची पट्टीच हलक्या हातानें वांकवावी.

चौथी गोष्ट, एंजिन पुरतें निवाल्यावरच जुना प्लग काढावा. गरम अल्युमिनियमचे आटे नरम असतात व ओरबाडले जातात. काढण्यापूर्वीं खळग्यांतील धूळ हवेनें उडवावी. आपल्याकडील उन्हाळ्यांतील धुळीचा एक चिमूटभर कण आंत पडला तरी तो नळकांड्याला ओरखडा पाडील.

पांचवी गोष्ट, नवा प्लग प्रथम हातानेंच फिरवावा. तो सहज फिरत नसेल, तर आटे तिरके लागले आहेत असें समजावें, व पान्याची जबरदस्ती करूं नये. १४ मिलिमीटर आट्यांचा, वॉशर असलेला नवा प्लग हातानें टेंकल्यावर पान्यानें सुमारें अर्धा फेरा आवळावा. टॉर्क रेंच असल्यास अल्युमिनियमच्या एंजिनांत २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरेत. सैल प्लगची उष्णता एंजिनांत उतरत नाहीं, म्हणून योग्य आंकड्याचा प्लगहि सैल राहिला तर अति तापतो. फार आवळला तर आटे तुटतात.

शेवटची गोष्ट, काढलेला प्लग फेंकून देऊं नये, तो वाचावा. वैद्य जीभ पाहून पोटाची परीक्षा करतो, तशी जाणता मिस्त्री प्लगचें तोंड पाहून एंजिनाची करतो. नाकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखी असेल, तर सर्व ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर प्लग फार थंड आहे किंवा पेट्रोल जास्त जात आहे. तेलकट काळा थर असेल, तर एंजिनांतील तेल वर येत आहे, व त्याला प्लग बदलणें हा उपाय नव्हे. नाक पांढरेंफटक, टोंकें खाल्लेलीं, किंवा त्यांवर वितळलेल्या धातूचे बारीक मणी दिसत असतील, तर गाडी त्याच क्षणीं थांबवावी. प्लग फार गरम आहे, किंवा मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे, किंवा ठिणगीची वेळ चुकली आहे. चारहि प्लग ओळीनें मांडून पाहावेत. एकच निराळा दिसला, तर दोष त्या नळकांड्याचा. चारहि सारखे दिसले, तर दोष निवडीचा किंवा एकंदर मिश्रणाचा.

विद्यार्थीमित्रहो, यांतील आंकडे कदाचित् तुम्ही विसराल; ते पुस्तकांत पुन्हां सांपडतील. परंतु विचाराची रीत मात्र विसरूं नका. 'सर्वांत चांगलें कोणतें?' असें विचारण्यापूर्वीं 'कशासाठीं, व कोणत्या परिस्थितींत?' असें विचारण्याची संवय लागली, तर ती गॅरेजांतच नव्हे, बियाणें घेतांना, औषध घेतांना, पुढील शिक्षणाची शाखा निवडतांनाहि उपयोगी पडेल. आणि पालकांना एवढीच विनंति कीं, मुलगा गाडीचें गणकयंत्र बदलून बळ वाढविण्याचा हट्ट धरील, तेव्हां नुसतें 'नको' न म्हणतां त्याला 'मग प्लग कोणता घालशील, आणि कां?' असें विचारावें. त्याला याचें उत्तर नीट देतां आलें, तर तो हट्ट नसून अभ्यास आहे असें समजावें. देतां आलें नाहीं, तर गाडी आहे तशीच उत्तम आहे.

ज्यांना हें सारें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल, त्यांनीं येत्या सुटींत जवळच्या गॅरेजांत जावें, व मिस्त्रीकाकांची परवानगी घेऊन काढून टाकलेले दोन-चार जुने प्लग मागून आणावेत. त्यांवरील अक्षरें उतरून घ्यावींत, आट्यांची लांबी पट्टीनें मोजावी, नाकाची लांबी व रंग पाहावा, आणि हा प्लग कोणत्या गाडींतून निघाला असेल व तिची प्रकृति कशी असेल, याचा अंदाज वहींत लिहावा. मग तो मिस्त्रीकाकांना दाखवून पडताळून घ्यावा. शास्त्राचा इतका स्वस्त व इतका खरा धडा दुसरा क्वचितच मिळेल.